खंडाचं रान सोडायचं का? टोमॅटोवरचा लेट ब्लाइट आणि एका क्लोनची केस

नावं, गाव आणि ओळख पटेल अशा बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. बाकी घडलं तसंच लिहिलंय.

पार्श्वभूमी

जुन्नर तालुका, नारायणगावच्या आसपासचं एक गाव. शेतकऱ्याला आपण इथं नाना म्हणू. नानांची घरची जमीन वरच्या अंगाला, मुरमाड, उन्हाळ्यात पाण्याची बोंब, म्हणून गेली काही वर्षं ते ओढ्याकाठचं दोन एकर रान खंडाने करतात. काळी जमीन, विहिरीला पाणी, रस्ता लागून, त्यामुळे कॅरेट भरले की पिकअप थेट बांधावर येते. टोमॅटो करणाऱ्याला अजून काय पाहिजे. खंड गुढीपाडव्याला बदलतो पण मालकाला दिवाळीच्या आसपासच शब्द हवा असतो, कारण त्या रानावर कांदेवाल्यांचा डोळा असतो.

त्या वर्षी लागवड जुलै संपता संपता झाली. बेड, मल्चिंग, ड्रिप, तारकाठी, सगळं व्यवस्थित. आदल्या वर्षी याच रानात शेवटच्या तोड्यांना करप्याने बराच माल घालवला होता, त्यामुळे नाना आधीपासूनच सावध होते. सप्टेंबरअखेर परतीचा पाऊस सुरू झाला, सकाळी ओढ्यावरून धुकं, दिवसभर ढग, आणि खालच्या अंगाच्या सरींमध्ये डाग दिसले. त्यांच्या पुतण्याने फोटो पाठवले तेव्हा पहिला तोडा नुकताच झाला होता.

अडचण

आधी रोग ओळखण्याचं. टोमॅटोवर 'करपा' म्हटलं की चार वेगळ्या गोष्टी एकाच नावात जातात. अल्टरनेरिया बुरशीचा लवकर येणारा करपा असेल तर डागात एकात एक वलयं दिसतात आणि तो जुन्या खालच्या पानांपासून हळूहळू वर चढतो. इथं तसं नव्हतं. पानाच्या कडेला पाण्यात भिजल्यासारखे काळपट हिरवे डाग, दुपारपर्यंत ते तपकिरी होऊन वाळणार, खोडावर काळे पट्टे, हिरव्या फळावर तेलकट तपकिरी टणक चट्टा. उन्हं यायच्या आत प्लॉटवर जाऊन पान उलटं केलं तर डागाच्या कडेने पांढरी बारीक लव. नऊ वाजता तीच लव दिसत नाही, म्हणून दुपारच्या फोटोवरून निदान करायला मी नको म्हणतो. लेट ब्लाइट, म्हणजे उशिरा येणारा करपा, रोगकारक फायटोप्थोरा इन्फेस्टान्स, शंका नव्हती.

आता तोपर्यंत काय काय झालं होतं ते ऐका. मेटॅलॅक्झिल अधिक मॅन्कोझेब या मिश्र औषधाच्या दोन फवारण्या, दुसरी दीडपट डोसने, कारण पहिलीने 'पाहिजे तसा रिझल्ट नाही'. मग दुकानातून हेक्झाकोनॅझोल दिलं गेलं. हे औषध वाईट नाही पण इथं ते पाण्यासारखंच, कारण फायटोप्थोरा ही खरी बुरशीच नाही. दिसतो बुरशीसारखा, तंतू बुरशीसारखे, पण नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी जवळचं. हेक्झाकोनॅझोल ट्रायअझोल गटातलं, या गटातली औषधं बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारं अर्गोस्टेरॉल बनणं बंद पाडतात आणि हा गडी ते बनवतच नाही. कार्बेन्डाझिमचंही तसंच, त्याचा याच्यावर उपयोग नाही. ढगाळ हवेत मधले ते पाचसहा दिवस फुकट गेले आणि खालचा अर्धा एकर हातातून सुटायला लागला.

त्यानंतर दुकानदाराचा निष्कर्ष आला, की रान दूषित झालंय, रोग मातीत बसलाय, आत्ता सगळ्या बेडना ड्रेंचिंग करा, म्हणजे औषध मातीत मुळाशी ओता, आणि पुढची तीन वर्षं इथं टोमॅटो-बटाटा करू नका. नानांनी मला विचारलं ते एवढंच, "सर, दोन वर्षं सलग आलाय. रान सोडू का ठेवू ते सांगा. मालकाला दिवाळीला शब्द द्यायचाय."

फवारणीचा प्रश्न आठवड्याचा असतो, रानाचा प्रश्न घराचा. आणि त्याचं उत्तर हा रोगकारक इथं लैंगिक पुनरुत्पादन करतो की नुसता क्लोन म्हणून, म्हणजे स्वतःच्या हुबेहूब नकला करत, पसरतो यावर अवलंबून होतं. हे मी नानांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पुतण्या हसला होता.

हा फरक एवढा महत्त्वाचा का

फायटोप्थोरा इन्फेस्टान्समध्ये दोन मेटिंग टाइप असतात, ए१ आणि ए२. नर-मादी असं नाही, दोन गट समजा. एकाच पानात, एकाच खोडात दोन्ही भेटले तर जाड भिंतीचे ऊस्पोअर तयार होतात, म्हणजे लैंगिक बीजाणू. हे ऊस्पोअर पीक मेलं, पाला कुजला तरी जमिनीत काही वर्षं तग धरतात आणि पुढच्या पिकाला खालून, मातीतून लागण करतात. स्कँडिनेव्हियात आणि नेदरलँड्समध्ये हे प्रत्यक्ष घडतं, तिथं बटाट्यावर रोग लवकर येतो आणि फेरपालट न केलेल्या शेतात जास्त येतो. म्हणजे 'रोग मातीत बसला' हे दुकानदाराचं म्हणणं हवेतलं नव्हतं, जगात काही ठिकाणी ते अगदी बरोबर आहे.

दुसरा मार्ग क्लोनचा. त्यात एकाच मेटिंग टाइपचा एक वंश पानावर लिंबाच्या आकाराच्या बीजाणुधान्या तयार करतो, त्या वाऱ्याने, पावसाच्या शिंतोड्याने उडतात, थंड ओल्या हवेत त्यातून पोहणारे झूस्पोअर निघतात, नवीन पान धरतात, आणि चारपाच दिवसांत तिथून परत हजारो. सगळे जवळजवळ हुबेहूब. पण या बीजाणुधान्या नाजूक, कोरड्या उन्हात काही तासांत संपतात. क्लोनला जगायला जिवंत झाड लागतं, हिरवा टोमॅटो नाहीतर बटाट्याचा कंद. वाळलेल्या पाल्यात तो पुढच्या हंगामापर्यंत टिकत नाही.

म्हणजे बघा, लैंगिक असेल तर दोष रानाचा आणि फेरपालट हा उपाय, आणि क्लोनल असेल तर रान निर्दोष, मग शोधायचं ते आजूबाजूला जिवंत उरलेलं काय आहे. एकाच रोगाच्या दोन उत्तरांत नानांचं दोन एकर रान अडकलं होतं.

उत्क्रांतीच्या बाजूने बघितलं तर हापूसच्या कलमाची आणि कोयीच्या रायवळ आंब्याची गोष्ट आहे. कोय लावली तर प्रत्येक झाड वेगळं, बहुतेक आंबट, एखादं भन्नाट. कलम केलं की ते भन्नाट झाड तसंच्या तसं कितीही वेळा. रोगकारकाला दोन्हीचा फायदा होतो, फक्त वेगवेगळ्या वेळी. लैंगिक पुनरुत्पादनाने नवीन जोड्या जुळतात, एका वंशातला औषधाला न जुमानणारा जनुक आणि दुसऱ्यातला पिकाच्या जातीची प्रतिकारशक्ती मोडणारा जनुक एकत्र येऊ शकतो. पण जुळलेली उत्तम जोडी पुढच्या पिढीत परत फुटते. क्लोन ती जोडी फुटू देत नाही.

या रोगाचा इतिहास हाच आहे. मध्य मेक्सिकोतल्या टोलुका खोऱ्यात दोन्ही मेटिंग टाइप जवळपास सारख्या प्रमाणात सापडतात, तिथं तो लैंगिक, विविधतेने भरलेला. तिथून बाहेर मात्र दीडशेच्या आसपास वर्षं एकच बाजू, ए१, फिरली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये जो दुष्काळ पडला आणि दहा लाखांच्या आसपास माणसं गेली, त्यामागचा वंश २०१३ मध्ये जुन्या वनस्पतीसंग्रहातल्या वाळक्या पानांच्या डीएनएवरून ओळखला गेला, त्याला हर्ब-१ म्हणतात, आणि तो एकच क्लोनल वंश. आपल्याकडेही हा रोग १८७०-८० च्या सुमारास निलगिरीत आला.

पुढे १९७६ च्या दुष्काळात युरोपात बटाटा कमी पडला, मेक्सिकोहून मागवला गेला, आणि त्याच्याबरोबर नवीन वंश आले असं मानलं जातं. १९८० च्या दशकात युरोपात ए२ असल्याचं जाहीर झालं. दोन्ही टाइप हजर म्हटल्यावर लैंगिक संकर शक्य झाला, आणि त्या सगळ्या घुसळणीनंतर २००४-०५ च्या सुमारास एक वंश वर आला, १३_ए२, ज्याला ब्लू १३ म्हणतात. आक्रमक आणि मेटॅलॅक्झिलला दाद न देणारा. ब्रिटनमध्ये तीनेक वर्षांत तीन चतुर्थांशापेक्षा जास्त नमुने याच एका वंशाचे निघायला लागले. म्हणजे संकराचा रस्ता उघडा असूनसुद्धा बाजी मारली ती क्लोननेच! दक्षिण भारतात २००९-१० मध्ये टोमॅटोवर जे मोठे उद्रेक झाले त्यात हाच १३_ए२ सापडला, पश्चिम बंगालच्या २०१३-१४ च्या बटाट्यावरच्या साथीतही याचेच प्रकार.

त्यामुळे नानांच्या रानात क्लोनच असणार असा माझा अंदाज आधीपासून होता. पण अंदाजावर कुणाच्या खंडाचा निर्णय करायचा नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला, मेटॅलॅक्झिलचाच डोस अजून वाढवायचा. हा सगळ्यात सोपा आणि गावात सगळ्यात जास्त केला जाणारा पर्याय. यात एक फसवणूक आहे ती कुणाच्या लक्षात येत नाही, बाजारातलं औषध हे मेटॅलॅक्झिल आणि मॅन्कोझेबचं मिश्रण असतं. मेटॅलॅक्झिलला वंश प्रतिकारक असला तरी मॅन्कोझेब वरून थोडंफार काम करतंच, त्यामुळे 'रिझल्ट आहे पण कमी आहे' असं वाटतं आणि माणूस डोस वाढवत राहतो. प्रत्यक्षात तो महागड्या मॅन्कोझेबची फवारणी करत असतो.

दुसरा, औषधाचा गटच बदलायचा, सायमोक्झॅनिल, डायमेथोमॉर्फ वगैरे, आलटून पालटून. खर्च वाढतो, आणि तोडा दर तीनचार दिवसांनी असल्यामुळे लेबलवरचा काढणीपूर्व काळ पाळायचा म्हणजे एखादा तोडा पुढे ढकलावा लागतो. चालू भावात तोडा ढकला हे शेतकऱ्याला सांगणं सोपं नाही.

तिसरा, खालचा अर्धा एकर उपटून टाकायचा आणि वरचं दीड एकर वाचवायचं.

चौथा, दुकानदाराने सांगितलेलं ड्रेंचिंग. ऊस्पोअर मातीत आहेत हे माहीत नसताना दोन एकर बेडमध्ये औषध ओतायचं, हे मला पहिल्यापासून पटलं नाही. आणि ऊस्पोअर असतेच तरी इतक्या जाड भिंतीच्या बीजाणूवर ड्रेंचिंगचा भरवसा कोण देणार.

पाचवा, रान सोडणं. म्हणजे पुढच्या वर्षी वरच्या मुरमाड जमिनीत टँकरच्या भरवशावर टोमॅटो, नाहीतर टोमॅटोच नाही.

पहिला निर्णय: प्लॉटवर

हे थांबून चालण्यासारखं नव्हतं म्हणून प्रयोगशाळेची वाट न बघता केलं. खालच्या अंगाच्या ज्या सरींमध्ये खोडंच काळी पडली होती त्या उपटल्या, तिथल्या तिथे ढीग न करता प्लास्टिकच्या पोत्यात भरून बाहेर नेऊन खड्ड्यात पुरल्या. उपटायचं काम दुपारी, पानं कोरडी असताना, कारण सकाळी ओल्या पानांतून माणूस फिरला की रोग तोच पुढे नेतो. बाकी झाडांची खालची पानं काढून सरीत हवा खेळती केली, ड्रिप संध्याकाळऐवजी सकाळी उशिरा. फवारणीला सायमोक्झॅनिल-मॅन्कोझेब, मग डायमेथोमॉर्फसोबत मॅन्कोझेब, आणि ढगाळ हवेचा अंदाज असेल तेव्हा डाग दिसायच्या आधी नुसतं मॅन्कोझेब. ड्रेंचिंग केलं नाही. यावर नाना दोन दिवस नाराज होते, कारण ड्रेंचिंग न करणं म्हणजे काहीच न करणं असं त्यांना वाटत होतं आणि मला फोनवर समजावून सांगणं जमत नव्हतं.

दुसरा निर्णय: काय तपासायचं

पैसे आणि वेळ दोन्ही मर्यादित होते, म्हणून तीनच प्रश्न ठरवले. मेटॅलॅक्झिल चालतं का? मेटिंग टाइप कोणता, एकच की दोन्ही? आणि वंश कोणता?

नमुने फक्त नानांच्या प्लॉटमधून घेतले असते तर अर्धी गोष्ट कळली असती, म्हणून शिवारातून फिरलो. आणि खरी गोष्ट त्या फिरण्यातच सापडली. ओढ्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या तोंडाला, एक सोडलेला प्लॉट होता. ऑगस्टमध्ये भाव पडले तेव्हा मालकाने तोडणी परवडत नाही म्हणून पाणी बंद केलं आणि तसाच सोडून दिला. पण पावसाने ती झाडं मेली नाहीत. तारेवरून खाली लोंबलेली, गवतात शिरलेली, हिरवीगार, आणि प्रत्येक दुसऱ्या पानाखाली पांढरी लव. त्याच्या पुढे अजून एक तसाच. आपल्या भागात हे काही नवीन नाही, भाव पडला की प्लॉट सोडतात, तार-बांबू पुढच्या हंगामाला काढू म्हणतात. क्लोनला जगायला हिरवं झाड लागतं असं वर म्हटलं ना, ते इथं एकरावारी उभं होतं.

एक नमुना सातगाव पठारावरच्या बटाट्याचाही घेतला, कारण तिकडे खरिपात बटाटा असतो आणि मंचरच्या बाजारातून पंजाबचं बेणं येतं. बेण्याच्या कंदातून हा रोग शेकडो किलोमीटर प्रवास करू शकतो, आणि टोमॅटो-बटाटा दोन्ही त्याला चालतात.

चाचणीचं थोडं सविस्तर लिहितो कारण कृषी महाविद्यालयातल्या पोरांना हे करता येण्यासारखं आहे. मेटॅलॅक्झिलसाठी कुंडीत वाढवलेल्या, काहीही न फवारलेल्या टोमॅटोच्या पानांच्या गोल चकत्या कापल्या आणि पेट्री डिशमध्ये पाण्यावर उलट्या तरंगत ठेवल्या. एका डिशमध्ये साधं पाणी, एकात १० पीपीएम मेटॅलॅक्झिल, एकात १०० पीपीएम. शुद्ध मेटॅलॅक्झिल हं, दुकानातलं मिश्रण वापरलं तर मॅन्कोझेब सगळं मारेल आणि चाचणी खोटी 'पास' होईल. चकतीच्या मधोमध बीजाणूंच्या पाण्याचा एक थेंब आणि १८ अंशांच्या आसपास ठेवून द्यायचं. आठवड्याच्या आत बघितलं तर तिन्ही डिशमधल्या चकत्या सारख्याच पांढऱ्या. १०० पीपीएमवरसुद्धा. नानांच्या पुतण्याला हा फोटो पाठवला आणि मेटॅलॅक्झिलचा विषय त्या घरात कायमचा संपला, एवढं माझ्या भाषणांनी झालं नसतं.

मेटिंग टाइपला कल्चर, म्हणजे डिशमध्ये शुद्ध वाढवलेला नमुना, लागतं आणि पानावरून थेट काढायला गेलं की बॅक्टेरिया आणि बाकी बुरशी आधी पळत येतात. जुनी युक्ती अशी की डागाचा तुकडा बटाट्याच्या पातळ कापाखाली ठेवायचा, फायटोप्थोरा काप भेदून वर येतो, बाकीचे मागे राहतात, मग वरची लव राय अगारवर, म्हणजे राय धान्यापासून केलेल्या खाद्यावर, न्यायची. तिथं एका बाजूला आपला नमुना, दुसऱ्या बाजूला ओळखीचा ए१, दुसऱ्या डिशमध्ये ओळखीचा ए२. दोनेक आठवड्यांनी जिथं दोघांचे तंतू भेटतात ती रेघ मायक्रोस्कोपखाली बघायची. ए१ बरोबर लावलेल्या डिशमध्ये रेघेवर गोल, जाड भिंतीचे ऊस्पोअर भरपूर, ए२ बरोबरच्या डिशमध्ये काही नाही. म्हणजे आपला नमुना ए२. जेवढे नमुने वाढले ते सगळेच ए२ निघाले, नानांचा प्लॉट, सोडलेले दोन्ही प्लॉट आणि पठारावरचा बटाटासुद्धा. ए१ एकही नाही.

तिसरा निर्णय: मालकाला शब्द

इथं वेळेचा पेच होता. डीएनएसाठी डाग एफटीए कार्डावर (डीएनए टिकवून ठेवणारा खास कागद) दाबून प्रयोगशाळेत पाठवले होते, त्याचा निकाल दिवाळीनंतर येणार. मालक थांबायला तयार नव्हता. हातात होतं ते एवढंच, की सगळे ए२, सगळे मेटॅलॅक्झिलला प्रतिकारक. ए१ नसेल तर ऊस्पोअर व्हायला जोडीदारच नाही. काही वंश क्वचित स्वतःशीच ऊस्पोअर करतात, पण खराब पानांचे तुकडे काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितले त्यातही ऊस्पोअर दिसले नव्हते.

विरुद्ध बाजूही नानांसमोर ठेवली. नमुने थोडे आहेत. आज ए१ दिसला नाही म्हणजे तालुक्यात नाहीच असं नाही. त्यामुळे खात्री नाही, पण पुरावा एका बाजूला झुकलाय. खालच्या अंगाला दोन वर्षं सलग आधी रोग येतो त्याला मातीतल्या बीजाणूंची गरजच नाही, तिथं धुकं उशिरापर्यंत बसतं, पानं जास्त वेळ ओली राहतात आणि समोर सोडलेला प्लॉट. एवढ्याने तो भाग पुरेसा समजतो.

नाना म्हणाले, "मंग रानाला कशाला दोष द्यायचा." त्यांनी खंड ठेवला. पण एक अट स्वतःहून घातली की खालच्या अर्ध्या एकरात पुढच्या खरिपात टोमॅटो नाही, काकडी. मला ते गरजेचं वाटत नव्हतं, पण धुक्याच्या जागेत टोमॅटो नको हे तर्काला धरूनच होतं.

सोडलेल्या प्लॉटचं मात्र अवघड गेलं. पलीकडच्या मालकाला नाना स्वतः जाऊन भेटले. "तुमची तार, बांबू, सुतळी काढून बांधावर रचून देतो, मजुरी माझी, फक्त झाडं उपटू द्या." तो तयार झाला. दुसरा म्हणाला भाव परत वाढला तर दोन तोडे निघतील, बघू. ते 'बघू' डिसेंबरपर्यंत चाललं. गावपातळीवर यासाठी काही नियम नाही, कुणाला जबरदस्ती करता येत नाही, आणि त्याचंही नुकसान झालेलंच होतं त्यामुळे त्याला फार बोलताही येईना.

निष्पत्ती

खालचा भाग गेला. वरच्या दीड एकरातून माल निघाला, चांगल्या वर्षाइतका नाही, पण खर्च निघून थोडं हाताला लागलं. किती औषधाने वाचलं आणि किती ऑक्टोबरच्या मध्यापासून पडलेल्या कडक उन्हाने, हे वेगळं काढता येणार नाही. माझ्या मते उन्हाचा वाटा मोठा.

डीएनएचा निकाल आला तो अपेक्षेप्रमाणे, सगळे नमुने १३_ए२ च्याच घरातले. पण हुबेहूब एक नव्हेत, बटाट्याचा नमुना एकदोन ठिकाणी टोमॅटोवाल्यांपेक्षा वेगळा. क्लोन म्हणजे गोठलेला असा गैरसमज असतो. लैंगिक संकर नसला तरी म्युटेशन होतात, एखाद्या गुणसूत्राची जोडी एकसारखी होऊन जाते, आणि या रोगकारकात तर अनेक प्रभावी क्लोनल वंश त्रिगुणित निघालेत, म्हणजे गुणसूत्रांचे दोन ऐवजी तीन संच, तर लैंगिक संततीत प्रामुख्याने दोनच. तीन संच असले की संकर नीट होत नाही पण क्लोनला त्याचं काही अडत नाही.

उन्हाळ्यात नानांच्या खालच्या बेडमधली माती ट्रेमध्ये भरून त्यात टोमॅटोची रोपं लावली, थंड खोलीत पाण्याने भिजवून ठेवली. एकाही रोपावर लेट ब्लाइट आला नाही. पुढच्या खरिपात त्या रानात रोग आला तो ऑक्टोबरमध्ये, वाऱ्याच्या बाजूच्या कडेच्या सरींवर, वरच्या पानांपासून. मातीतून आला असता तर खालच्या, जमिनीला टेकलेल्या पानांवर आणि प्लॉटभर विखरून दिसायला हवा होता. तोपर्यंत गट बदलून फवारण्या सुरूच होत्या त्यामुळे तो कडेलाच राहिला.

काय वेगळं करता आलं असतं

हेक्झाकोनॅझोलचा तो आठवडा. निदान आणि 'ही खरी बुरशी नाही' एवढं दुकानात माहीत असतं तर खालच्या अर्ध्या एकरातला काही भाग तरी राहिला असता असं मला वाटतं. पत्रकात, लेबलवर सगळीकडे 'बुरशीनाशक' एकच शब्द असल्यावर दुकानदाराला तरी किती दोष देणार.

शिवारफेरी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. आपल्याकडे सल्ला देणारा माणूस शेतकऱ्याच्या बांधाच्या आतच बघतो, क्लोनल रोगात उत्तर बहुतेक वेळा बांधाच्या बाहेर असतं. नारायणगाव भागात टोमॅटोच्या लागवडी एकामागून एक चालू असतात, जुना प्लॉट आणि नवा प्लॉट समोरासमोर, त्यामुळे रोगाला मधे सुट्टीच मिळत नाही.

तिसरं, ज्याची मला अजून काळजी आहे. मेटॅलॅक्झिल गेलं म्हणून आम्ही डायमेथोमॉर्फवर भार टाकला. सगळीकडे एकच क्लोन असल्याचा फायदा असा की एका चाचणीवरून सगळ्या शिवाराचं औषध ठरवता येतं. तोटाही तोच. डेन्मार्कमध्ये अलीकडे ४३_ए१ नावाच्या वंशात मँडिप्रोपॅमिड या औषधाला प्रतिकार सापडला, आणि मँडिप्रोपॅमिड व डायमेथोमॉर्फ एकाच गटातली. तसा एखादा क्लोन बेण्याबरोबर इकडे आला तर एका हंगामात सगळ्यांचं एकदमच औषध निकामी होईल. त्यातून तो ए१ असला तर इथल्या ए२ ला जोडीदार मिळेल, दोघांचे प्रतिकार एकत्र येऊ शकतील, आणि ऊस्पोअरही. मग दुकानदाराचं म्हणणं खरं ठरेल, फक्त उशिरा.

म्हणून आता दर खरिपात नानांच्या आणि आजूबाजूच्या प्लॉटमधून थोडे नमुने घेऊन चकत्यांची चाचणी डायमेथोमॉर्फवरही करतो आणि मेटिंग टाइप बघतो. पुतण्याच कार्डावर डाग दाबून आणून देतो, पहाटे. मालकाशी खंड आता एकेका वर्षाचाच केलाय, ए१ सापडला तर खालचं रान टोमॅटोला बंद आणि खंडाची रक्कम नव्याने ठरवायची, हे कागदावर नाही पण दोघांमध्ये बोलून झालंय. सोडलेल्या दुसऱ्या प्लॉटवाल्याशी बोलणी यंदाही चालू आहेत.